मानाचं झाड लावताय? या चुका टाळा

फाटकातून आत आल्यावर नजर जिथे जाऊन थांबते, ते बागेतलं मानाचं झाड. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे रोप खोचलं की ते वाढतंच असा आपला समज असतो. वाढतंही. पण चार-पाच वर्षांनी कळतं की बाल्कांवातून, म्हणजे घराच्या दारापुढच्या बसायच्या ओसरीतून, त्याचा नुसता बुंधा दिसतो, किंवा फुलं येतात ती शेजाऱ्याच्या बाजूला. यात झाडाचा काही दोष नसतो. जागा ठरवण्याआधीच रोप घरी आलेलं असतं, तिथेच सगळं बिघडतं.

आधी बसायची जागा, मग झाड

घरातली माणसं रोज कुठे बसतात, कुठून बाहेर बघतात ते आधी पाहा. बाल्कांव, सोपा, स्वयंपाकघराची खिडकी, गाडी लावतो ती जागा. यातली एक निवडा आणि तिथून दिसेल असं एकच झाड ठरवा. एका नजरेत बहावा, बॉटल पाम आणि लालभडक मुसांडा असे तिघे आले की कोणाकडेच लक्ष जात नाही.

अंतराचा हिशोब सोपा आहे. झाड अख्खं नजरेत मावायला त्याच्या उंचीच्या साधारण दुप्पट लांबून बघावं लागतं. तामण सहज 10 मीटरच्या वर जातो. तो बाल्कांवापासून 6 मीटरवर लावला, तर एप्रिल-मेमधला जांभळा फुलोरा कौलांच्या वर राहील आणि खाली बसलेल्यांना खोडच दिसेल. तेवढ्या अंतरावर 3 मीटरपर्यंत राहणारं काही हवं: तगर, मुसांडा, छाटून आटोक्यात ठेवलेला प्राजक्त, किंवा मोकळी वाढू दिलेली पिटकुळी (इक्सोरा).

खड्डा खणण्याआधी झाडाच्या पूर्ण उंचीइतका बांबू त्या जागी रोवा. फांद्यांचा घेर किती होईल त्याचं वर्तुळ जमिनीवर चुन्याने आखा. आठवडाभर येता-जाता बघा. वीजेची तार, विहीर, सेप्टिक टँक, कुंपणाची भिंत यातलं काही वर्तुळात येत असेल तर जागा बदला. गुलमोहराची मुळं उथळ पसरतात आणि फांद्या वाऱ्यात मोडतात. घरापासून 8-10 मीटर मोकळी जागा नसेल तर तो लावूच नये.

दारात तुळशी वृंदावन असेल तर तिथलं मानाचं स्थान आधीच भरलेलं आहे. त्याच्या मागे किंवा लगत मोठं झाड लावलं की दोघांचीही शोभा जाते, शिवाय सावलीत तुळस रोडावते. झाड अंगणाच्या दुसऱ्या टोकाला न्या.

मागे काय आहे तेही बघा. चुन्याने रंगवलेल्या भिंतीपुढे पांढरा चाफा हरवून जातो. तोच चाफा उघड्या चिऱ्यांच्या भिंतीपुढे लावला, तर डिसेंबरनंतर पानं झडल्यावरही त्याच्या वाकड्या फांद्या चित्रासारख्या उठून दिसतात. बहाव्याच्या पिवळ्या झुंबरांना मागे गर्द हिरवं हवं, म्हणजे आंबा, फणस किंवा बकुळ, आपली ओंवळ. वर्षभर हिरवं आणि डौलदार काही हवं असेल तर भिरंड, म्हणजे कोकम लावा. शंकूसारखा आकार, लोंबत्या फांद्या आणि कोवळी लाल पालवी असलेलं हे आपल्याच मातीतलं झाड बागेत फार कमी लावलं जातं, याचं वाईट वाटतं. फळं हवी असतील तर कलम घ्या. बियांची रोपं नर निघू शकतात.

जांभ्यातला खड्डा

सर्वांत जास्त रोपं इथे मरतात. जांभ्या दगडात कुदळीने खणलेला खड्डा म्हणजे एक टाकी असते. त्यात मऊ माती आणि खत भरलं की जुलैत आजूबाजूचं पाणी तिथे येऊन साचतं. मुळं कुजतात, पानं पिवळी पडून मलूल होतात. पानं मलूल दिसली म्हणून माणूस आणखी पाणी घालतो, आणि रोप जातं. सोनचाफ्याला तर साचलेलं पाणी अजिबात चालत नाही.

खड्डा मे महिन्यातच खणा, 1 मीटर लांब, रुंद आणि खोल. मग तो पाण्याने काठोकाठ भरा. 24 तासांनंतरही पाणी उरलं, तर तळाला पहारीने चार-पाच ठिकाणी आरपार भोकं पाडा, किंवा उताराच्या बाजूला चर काढा. दोन्ही जमत नसेल तर जमिनीच्या वर 30 सेंटिमीटरचा पसरट उंचवटा करून त्यावर लावा. भरताना दोन भाग खणलेली माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत आणि वाळवीसाठी किलोभर निंबोळी पेंड पुरे.

पिशवी काढल्यावर मुळं बघा. गोल गोल गुंडाळलेली मुळं कापली नाहीत तर ती तशीच वाढतात आणि पुढे खोडालाच आवळतात. धारदार सुरीने मातीच्या गोळ्यावर तीन-चार उभे काप द्या. म्हणूनच पिशवीत वर्षानुवर्षं राहिलेल्या उंच रोपापेक्षा हातभर ठणठणीत रोप घ्यावं. खोड जिथे रुंद होऊन मुळांना मिळतं तो भाग मातीच्या वर दिसला पाहिजे. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा 15-20 लिटर पाणी द्या. सोडणांचं (नारळाच्या सालींचं) आच्छादन घाला, पण खोडापासून वीतभर लांब.

लक्षणं आणि उपाय

पिटकुळीची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसत असतील, तर भिंतीच्या पायथ्याशी खणून बघा. बहुधा बांधकामाचं सिमेंट आणि डबर निघेल. पिटकुळीला आम्ल माती लागते. चुनखडीमुळे तिला लोह घेता येत नाही. डबर काढून लाल माती भरा आणि 1 लिटर पाण्यात 5 ग्रॅम फेरस सल्फेट मिसळून संध्याकाळी पानांवर फवारा.

पावसाळ्यात चाफ्याचं पान उलटं करा. खाली नारिंगी भुकटी असेल आणि ती बोटाला लागत असेल तर तो तांबेरा आहे. झाड मरत नाही, पण रूप जातं. गळलेली पानं गोळा करून जाळा, झाडात वारा खेळू द्या. चाफ्याची छाटणी भर पावसात करू नका, कापलेल्या जागेतून फांदी कुजते. नवी फांदी लावायची असेल तर चीक सुकेपर्यंत 8-10 दिवस सावलीत ठेवून मग लावा.

सोनचाफ्याचं कलम नुसतं पानांनी माजलं असेल तर कलमाच्या जोडाखालून फूट आली आहे का बघा. ती मुळाशी काढा, नाहीतर खुंटच झाड होऊन बसतो. बोगनवेल फुलत नसेल तर पाणी आणि खत कमी करा आणि तिला दिवसभराचं ऊन मिळतंय ना ते तपासा.

समुद्राला लागून असलेल्या घरांत खाऱ्या वाऱ्याने सीता अशोकाची पानं कडेने करपतात. तिथे उंडी, भेंड किंवा चाफा लावा.

अंगणात पेव्हर बसवताना बुंध्याशी सिमेंट भिडवणं हा तर झाडावर अन्यायच. चारी बाजूंनी किमान 1 मीटर माती उघडी ठेवा. दिव्यांच्या माळांसाठी खोडात खिळे मारू नका.

झाड चुकीच्या जागी आधीच उभं असेल तर त्याचा शेंडा उडवू नका. शेंडा छाटलेल्या जागी कमकुवत फुटव्यांचा झुपका येतो आणि झाडाचा घाट कायमचा बिघडतो. त्याऐवजी खालच्या फांद्या दोन-तीन वर्षांत थोड्या थोड्या काढून खोड मोकळं करा, म्हणजे त्याखालून पलीकडचं दिसतं. तोडायचंच ठरलं, तर गोव्यात 1984 च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार स्वतःच्या भाटातल्या (बागायतीतल्या) झाडासाठीही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. लहान चाफा मात्र पानं नसताना, फेब्रुवारी-मार्चमध्ये हलवता येतो. महिनाभर आधी खोडापासून दीड फुटावर अर्ध्या वर्तुळात मुळं कापून ठेवा. हलवताना उरलेली कापा आणि मातीचा गोळा गोणपाटात बांधून न्या.