ॲसिड ‘स्ट्राँग’ आहे म्हणजे नेमकं काय? या चुका टाळा

कोपरखैरण्याला मी अकरावी-बारावीचे केमिस्ट्रीचे क्लास घेतो. त्याआधी बारा वर्षं महापे एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये काढली. आम्ल-आम्लारींचा धडा सुरू करायच्या दिवशी मी फळ्यावर दोन बाटल्या काढतो. एकीवर लिहितो ‘ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड, 17 मोलर’, दुसरीवर ‘हायड्रोक्लोरिक ॲसिड, 0.1 मोलर’. (मोलर हे द्रावणात ॲसिड किती आहे ते सांगणारं माप.) मग विचारतो, यातलं स्ट्राँग कोणतं?

बहुतेक हात पहिल्या बाटलीसाठी वर होतात. आकडा मोठा, वास नाकात जाणारा, कातडीवर पडलं तर फोड. उत्तर मात्र दुसरी बाटली.

दोष मुलांचा कमी, शब्दाचा जास्त. आपण ‘स्ट्राँग चहा’ म्हणतो तेव्हा पावडर जास्त असते. रसायनशास्त्रात त्याला संहत म्हणतात, तीव्र नव्हे. पाण्यात ॲसिड किती आहे आणि त्यातलं किती तुटतं, हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि खालच्या बहुतेक चुका त्यांची गल्लत झाल्यामुळेच होतात.

चूक पहिली: तीव्र आणि संहत एकच समजणं

ठाणे लोकल ठाण्याला पोचली की डबा रिकामा. झोपलेल्यालाही कुणीतरी हलवून उठवतं. हायड्रोक्लोरिक ॲसिड पाण्यात गेलं की असंच होतं, जवळपास प्रत्येक रेणू आपला हायड्रोजन आयन सोडतो. ॲसिटिक ॲसिड म्हणजे भर दुपारी रबाळ्यासारख्या मधल्या स्टेशनात थांबलेली गाडी. 0.1 मोलर द्रावणात हजारातले जेमतेम तेरा उतरतात, आणि त्यांच्यातलेही काही परत चढत असतात. कितव्या हिश्श्याने लोक उतरतात ती तीव्रता. गाडीत मुळात गर्दी किती होती, ती संहती.

म्हणून 0.1 मोलर हायड्रोक्लोरिकचा सामू (pH) 1 येतो आणि तेवढ्याच संहतीच्या ॲसिटिकचा 2.9 च्या आसपास. फरक दोनाचाही नाही, असं वाटतं ना? सामूची मोजपट्टी (डॅनिश रसायनज्ञ सोरेन्सन यांनी ती 1909 मध्ये मांडली) दहाच्या पटीत चालते. एक अंक खाली म्हणजे हायड्रोजन आयन दहापट. इथला फरक सुमारे पंचाहत्तर पट आहे.

चूक दुसरी: सौम्य आम्लाला अल्कलीही कमी लागेल, असं धरून चालणं

प्रॅक्टिकलला हमखास होणारी. 25 मिली 0.1 मोलर ॲसिटिक ॲसिड उदासीन करायला 0.1 मोलर कॉस्टिक सोडा किती लागेल? ‘ॲसिड वीक आहे, म्हणजे दोन-चार मिली.’ नाही, पुरते 25 मिली लागतात, हायड्रोक्लोरिकइतकेच. फलाटावर उतरलेल्यांना कॉस्टिकने उचलून नेलं की जागा मोकळी होते आणि डब्यातले पुढचे उतरतात. गाडी रिकामी होईपर्यंत हे चालतं.

गेल्या वर्षी एका मुलीचं रीडिंग सारखं साडेसात मिलीच्या आसपास येत होतं. तिने ब्युरेट दोनदा धुतलं, पिपेट बदललं. शेवटी वैतागून म्हणाली, ‘सर, तुमचं कॉस्टिकच खराब आहे.’ फ्लास्क उजेडात धरून पाहिला. आतलं पाणी लाल, मग नारिंगी, मग पिवळं असं रेंगाळत बदलत होतं. एका थेंबात झटकन रंग पालटण्याचं नाव नाही. तिने मिथिल ऑरेंज घातलं होतं.

हा दर्शक (सामूनुसार रंग बदलणारं द्रव्य) 4.4 च्या सामूला पूर्ण पिवळा होतो. ॲसिटिक ॲसिडच्या टायट्रेशनमध्ये (थेंब थेंब कॉस्टिक घालून ॲसिड मोजताना) तो सामू साधारण 30 टक्के काम झाल्यावरच येतो, म्हणजे 25 पैकी साडेसात मिलीला. खरा शेवट 8.7 च्या जवळ असतो, तिथे फिनॉल्फ्थॅलिनच हवं. तेव्हा रंग रेंगाळत बदलला की आधी दर्शकाची बाटली बघा, काचसामान नंतर धुवा.

चूक तिसरी: सामूवरून आम्लाची ताकद ठरवणं

माझी वहिनी घोडबंदर रोडला राहते. त्यांच्या सोसायटीत टँकरचं पाणी बरंच येतं. ते जड असतं, त्यामुळे इलेक्ट्रिक केटलच्या तळाला पांढरी खपली धरते. मी व्हिनेगर सुचवलं होतं. आठवड्याने फोन आला.

‘भाऊजी, तुमचं व्हिनेगर काही कामाचं नाही. अर्धी वाटी घातलं, थोडं फसफसलं आणि गप्प बसलं. बाथरूमचं ॲसिड घालू का?’

‘नको वहिनी, केटलचं वाटोळं होईल.’

खपली बहुतेक कॅल्शियम कार्बोनेटची असते. 10 ग्रॅम खपली विरघळवायला 12 ग्रॅम ॲसिटिक ॲसिड लागतं, म्हणजे 4 टक्क्यांचं व्हिनेगर 300 मिली. अर्ध्या वाटीत ते कुठून येणार? आता गंमत बघा. या व्हिनेगरचा सामू साधारण 2.5. तेवढ्याच सामूचं हायड्रोक्लोरिक घेतलं, तर तीच 10 ग्रॅम खपली काढायला पन्नास लिटरहून जास्त लागेल! सामू बघायच्या कागदी पट्टीचा रंग दोन्हीकडे सारखा, पण हायड्रोक्लोरिकने सगळं भांडवल फलाटावर मांडून ठेवलेलं आहे. व्हिनेगरचं भांडवल अजून डब्यात बसलेलं आहे आणि लागेल तसं उतरतं. सामू आत्ता किती उतरलेत ते सांगतो, मागे किती शिल्लक आहेत ते सांगत नाही.

बाथरूम ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिकच; ते स्टीलच्या केटलला घालायचं नाही, कारण त्यातला क्लोराइड स्टीलला बारीक बारीक खड्डे पाडतो. वहिनीला मी नंतर लिंबूसत्त्व (सायट्रिक ॲसिड) सांगितलं, दोन मोठे चमचे कोमट पाण्यात. उकळायचं मात्र नाही. गरम पाण्यात कॅल्शियम सायट्रेट कमी विरघळतं आणि खपलीच्या जागी नवाच पांढरा थर बसतो. हे मी स्वतः एकदा करून बसलोय.

आणि व्हिनेगरमध्ये खायचा सोडा घालून ‘डबल पॉवर’ करू नका. फेस छान येतो, पण दोघं एकमेकांना संपवतात.

चूक चौथी: सौम्य म्हणजे निरुपद्रवी

आजीने पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं तर कळकतं हे सांगायला कधी रसायनशास्त्र लागलं नाही. ताकातलं लॅक्टिक ॲसिड सौम्य गटातलंच, तरी ते पितळेतलं तांबं उचलतं. कल्हईचा उद्योग त्यावरच चालायचा. देवघराच्या संगमरवरावर सांडलेला लिंबाचा रसही तसाच, पाच मिनिटांत झिलई जाते. संगमरवर आणि केटलची खपली हे रासायनिकदृष्ट्या सख्खे भाऊ.

हे झालं घरातलं. या यादीत सगळ्यात धोक्याचं हायड्रोफ्लोरिक ॲसिड आहे. पुस्तक त्याला सौम्य म्हणतं, कारण हायड्रोजन आणि फ्लोरिनमधला बंध घट्ट असतो आणि पाण्यात रेणू सहज तुटत नाही. मुलं हे पाठ करतात आणि तिथेच थांबतात. आमच्या लॅबमध्ये हेच एक ॲसिड प्लास्टिकच्या बाटलीत असायचं, कारण ते काच खातं. न तुटलेला रेणू कातडीतून आत जातो आणि शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतो. विरल (पाणी मिसळलेलं) असेल तर सुरुवातीला दुखतही नाही, कळा तासांनी सुरू होतात. त्यामुळे कपाटाशेजारी कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल ठेवलेली असायची. काही गंज काढणाऱ्या द्रव्यांत हे ॲसिड किंवा त्याचे क्षार असतात, लेबल वाचल्याशिवाय हात लावू नका. लागलंच तर भरपूर पाण्याने धुवा आणि दुखायची वाट न बघता डॉक्टरांकडे जा.

ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर मिसळला तर क्लोरीन वायू सुटतो, हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. व्हिनेगर किंवा लिंबू मिसळलं तरी सुटतो, हे कमी जणांना. क्लोरीन बाहेर यायला आम्ल तीव्रच असावं लागतं असं नाही.

चूक पाचवी: पाणी घातलं की ॲसिड गरीब होतं

ठाणे-बेलापूर रोडवर सिग्नलला कधी टँकरच्या मागे थांबलात तर नारिंगी पाटीवरचा आकडा बघा. 1830 म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड, 1789 म्हणजे हायड्रोक्लोरिक. हायड्रोक्लोरिकच्या टाकीला आतून रबराचं अस्तर द्यावं लागतं. 98 टक्क्यांचं सल्फ्युरिक मात्र साध्या लोखंडी टाकीत जातं. लोखंडावर सल्फेटचा पातळ थर बसतो आणि तो संहत ॲसिडात विरघळत नाही, म्हणून पुढची झीज थांबल्यात जमा. त्याच टाकीत पाणी शिरलं की ॲसिड विरल होतं, थर धुऊन जातो, लोखंड झपाट्याने खाल्लं जातं आणि वर हायड्रोजन जमतो. रिकाम्या टाकीत धुण्याचं पाणी तसंच राहू देणं ही कारखान्यातली जुनी, महागडी चूक आहे.

विरल करतानाचा नियम ठाऊक असेलच, ॲसिड पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडात नाही. सल्फ्युरिकला पाणी मिळालं की इतकी उष्णता निघते की वर पडलेलं हलकं पाणी तिथेच उकळून ॲसिडसकट उडतं.

घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीतही हेच सल्फ्युरिक असतं. पातळी खाली गेली तर त्यातलं पाणी उडालेलं असतं, ॲसिड आतच असतं. तेव्हा घालायचं ते डिस्टिल्ड वॉटर, तेही वरच्या खुणेपर्यंतच. ‘थोडं ॲसिड टाकून देतो, चार्जिंग जोरात होईल’ असं सर्व्हिसवाला म्हणाला, तर चहा पाजून पाठवा.