परकीय धमकीबद्दल सरकारने खासदाराला कधी सांगितलं, हे कसं शोधावं

एखाद्या परक्या सरकारने लोकप्रतिनिधीला लक्ष्य केल्याची बातमी आली की अधिकृत निवेदन ठरलेलंच असतं : यंत्रणा सतर्क आहेत, अधिक तपशील देणं राष्ट्रहिताचं नाही. मग काहींना सगळंच दडपलेलं वाटतं आणि काहींच्या लेखी ‘गोपनीय’ म्हटलं की विषय संपतो. कागद समोर ठेवून बसलं तर तिसरीच शक्यता दिसते. माहिती मुद्दाम लपवलेली नसते, ती मधल्याच कुठल्या तरी टेबलावर पडून राहिलेली असते. ते टेबल कसं शोधायचं ते कॅनडाच्या उदाहरणावरून पाहू. तिथले बरेच कागद आज सर्वांसाठी खुले आहेत.

आधी चार रकाने आखा

धमकी किंवा हल्ला कधी झाला, यंत्रणेला कधी कळलं, त्या खासदाराला कधी सांगितलं, जनतेला कधी कळलं. एवढंच. मतं, आरोप, पक्ष नंतर.

खासदार मायकल चाँग यांचं प्रकरण या रकान्यांत बसवून पाहा. फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनमधल्या उइघुर मुस्लिमांवरील अत्याचाराला वंशसंहार म्हणणारा त्यांचा ठराव कनिष्ठ सभागृहात २६६ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. मार्चमध्ये चीनने त्यांच्यावर निर्बंध लादले. जुलै २०२१ मध्ये सीसिस या कॅनडाच्या गुप्तचर संस्थेच्या अहवालात चाँग यांच्या हाँगकाँगमधल्या नातेवाइकांवर चीनचं लक्ष असल्याची माहिती होती. १ मे २०२३ रोजी हे वर्तमानपत्रात छापून आलं. खुद्द चाँग यांना नेमकी माहिती मिळाली ती त्यानंतर. म्हणजे चौथा रकाना तिसऱ्याच्या आधी भरला गेला! असं दिसलं की समजायचं, इथे खणायला हवं.

‘ब्रीफिंग दिलं होतं’ या वाक्यावर थांबा

हे वाक्य खोटं नसतं, म्हणूनच ते फसवं. सीसिसचे अधिकारी जून २०२१ मध्ये चाँग यांना भेटले होते. परकीय हस्तक्षेप कसा होतो, काय काळजी घ्यावी, हे त्यांनी सांगितलं. नातेवाइकांचा विषय मात्र निघाला नाही. त्या वेळच्या कायद्यानुसार सरकारबाहेरच्या माणसाला, मग तो खासदार का असेना, गोपनीय माहिती देण्यावर कडक बंधनं होती. त्यामुळे दर वेळी विचारा : सर्वसाधारण सावधगिरीची सूचना दिली होती की त्या व्यक्तीवरच्या ठरावीक धोक्याची? निवेदनात हा फरक केला नसेल, तर पहिलंच गृहीत धरा, असं माझं मत.

कागद कुठे अडला ते पाहा

हीच खरी मेहनतीची पायरी. प्रत्येक दाव्यापुढे कोण, कधी, कुठे बोललं ते लिहा. तेव्हाचे पंतप्रधान ट्रुडो यांनी आधी सांगितलं की माहिती सीसिसच्या बाहेर गेलीच नव्हती. लगेच चाँग यांनी सभागृहात सांगितलं की ती राष्ट्रीय सुरक्षा सल्लागाराच्या कार्यालयापर्यंत पोचली होती, आणि हे त्यांना त्या वेळच्या सल्लागारांनीच कळवलं होतं. पुढे संसदीय समितीपुढे २०२१ मध्ये सार्वजनिक सुरक्षामंत्री असलेले बिल ब्लेअर यांनी सांगितलं की सीसिसने मे २०२१ मध्ये, म्हणजे जुलैच्या अहवालाआधीच, पाठवलेलं टिपण त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. ते अतिगोपनीय ईमेल यंत्रणेवरून पाठवलं होतं आणि त्या यंत्रणेचं लॉगिन मंत्र्यांकडे नव्हतं.

दुसरं प्रकरणही असंच. चिनी हॅकरांच्या एका गटाने २०२१ मध्ये चीनवर टीका करणाऱ्या अनेक देशांच्या खासदारांना ईमेल पाठवले; मेल उघडला की माग लागावा अशी सोय त्यांत होती. त्यांत कॅनडाचे १८ संसद सदस्य होते. अमेरिकी तपास यंत्रणेने २०२२ मध्ये कॅनडा सरकारला कळवलं. सरकारी सायबर संस्थेने संसदेच्या आयटी विभागाला कळवलं. पुढे साखळी तुटली. सदस्यांना हे २०२४ मध्ये, अमेरिकेत आरोपपत्र उघड झाल्यावर, बाहेरून कळलं. संसद स्वतंत्र आहे, तिच्या प्रशासनाला सांगितलं की आमचं काम झालं, ही सरकारची बाजू. तत्त्व म्हणून ठीक, पण ज्याच्या नावाने मेल आला त्याला काय उपयोग?

संसदेचं दफ्तर वापरा

पत्रकार परिषदेत टाळता येतं ते समितीपुढे टाळणं अवघड जातं. सभागृहाच्या कामकाजाचा शब्दशः वृत्तांत आणि समित्यांच्या साक्षी ऑनलाइन फुकट असतात. ‘हक्कभंग’ (इंग्रजीत question of privilege) या शब्दाने शोध घ्या. चाँग प्रकरणात ८ मे २०२३ रोजी सभापतींनी प्रथमदर्शनी हक्कभंग मान्य केला आणि विषय समितीकडे गेला. त्याच दिवशी या प्रकरणात नाव आलेल्या चिनी राजनैतिक अधिकाऱ्याची हकालपट्टीही झाली.

सुरक्षाविषयक संसद सदस्यांच्या समितीचे अहवाल वाचताना तारकांकडे लक्ष द्या. वगळलेल्या मजकुराच्या जागी तीन तारका असतात. काही ठिकाणी मूळ परिच्छेदाऐवजी सौम्य सारांश दिलेला असतो. तारका नावांच्या जागी असतील तर समजू शकतं. तारखांच्या जागी असतील तर तीच तारीख दुसऱ्या साक्षीत सापडते का ते पाहा.

खात्रीचे शब्द मोजून घ्या

ऑगस्ट २०२३ मध्ये परराष्ट्र खात्याने चाँग यांच्याविरुद्ध वीचॅट या चिनी समाजमाध्यमावर झालेल्या अपप्रचाराची माहिती आपणहून जाहीर केली. चीनचा हात असण्याची दाट शक्यता आहे, पण निर्विवाद पुरावा देता येत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. चांगला खुलासा असाच असतो : काय दिसलं, किती खात्री, खात्री पूर्ण का नाही. यातलं पहिलंच सांगितलं असेल तर राहिलेले दोन विचारा.

माहितीचा अर्ज

कॅनडाचे नागरिक, कायम रहिवासी किंवा तिथे हजर असलेली कुणीही व्यक्ती ५ डॉलर भरून अर्ज करू शकते. उत्तराची मूळ मुदत ३० दिवस, पण ती वाढवता येते. ‘धमक्यांची सगळी माहिती द्या’ असं लिहिलंत तर नकार ठरलेला. त्याऐवजी अमुक दोन तारखांच्या दरम्यान मंत्र्यांच्या कार्यालयात अमुक विषयावर आलेल्या टिपणांची शीर्षकं, तारखा आणि पाठवणाऱ्याचं पदनाम मागा. मजकूर गोपनीय असला तरी प्रवासाची नोंद कधीकधी हाती लागते. अर्जाआधी सरकारी संकेतस्थळावर इतरांना मिळून गेलेल्या उत्तरांची यादी चाळा, ५ डॉलर वाचतील.

खबऱ्यांची ओळख, चालू तपास आणि धमकी मिळालेल्या कुटुंबाचा ठावठिकाणा मागू नका, हाती आला तरी छापू नका.

आणि एक गोष्ट जुन्या प्रकरणांत नव्हती, ती आता हाताशी आहे. मे २०२३ मध्ये मंत्र्यांनी सीसिसला आदेश दिला की खासदारांवरच्या धोक्याची माहिती शक्य तिथे त्यांना द्यावी. जून २०२४ च्या कायद्याने सरकारबाहेर माहिती देण्याची वाटही रुंद केली. त्यामुळे नंतरच्या कुठल्याही प्रकरणात ‘कायद्याने हात बांधलेले होते’ हे उत्तर आलं, तर आधी तारीख पाहा. अर्जाचं उत्तर पटलं नाही तर ६० दिवसांच्या आत माहिती आयुक्तांकडे तक्रार करता येते, तिला शुल्क नाही.