फॉर्म्युला स्टुडंटच्या (विद्यार्थ्यांनी स्वतः रेसिंग कार बनवायच्या स्पर्धेच्या) गाडीत एअर फिल्टर कुठे बसवाल?

पोरांनो, कॅडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या आराखड्यात, फिल्टर कुठेही मावतो. म्हणून आधी पुठ्ठ्याची नळी घ्या आणि खऱ्या चासीवर धरून बघा. आमच्या पहिल्या गाडीत फिल्टर रेडिएटरच्या मागे होता, दिसायला झकास! पण पंख्याची गरम हवा थेट त्याच्या तोंडात. हवा दहा अंशांनी तापली की तिची घनता साधारण 3 टक्के घटते. आधीच 20 मिमीच्या रिस्ट्रिक्टरमधून (नियमाने हवा रोखणाऱ्या अरुंद गळ्यातून) श्वास घेणाऱ्या इंजिनाला हे कसं परवडणार?

दुसऱ्या वर्षी तो मेन हूपच्या (चालकामागच्या संरक्षक नळीच्या कमानीच्या) मागे, उंचावर नेला. तिथे धूळ-पाणी कमी, हवा थंड. फक्त हेल्मेटच्या अगदी मागे नको, तिथे हवा घुसळते. थोडा बाजूला घ्या. फिल्टर आणि फायरवॉलमध्ये (चालक आणि इंजिन यांच्यामधल्या आडोशात) निदान दोन बोटं जागा ठेवा, नाहीतर अर्धा फिल्टर नुसता शोभेला. आणि हूपच्या टोकापासून टायरच्या बाहेरच्या कडेपर्यंत दोरी ताणून बघा: इनटेकचा कुठलाही भाग तिच्याबाहेर गेला, तर स्पर्धेच्या तपासणीत अडकलात.

क्रम ठरलेला: फिल्टर, थ्रॉटल (हवेची झडप), रिस्ट्रिक्टर, प्लेनम (इंजिनाआधीची हवेची टाकी). सिंगल सिलिंडर फार थरथरतं, म्हणून प्लेनमला फ्रेमवर रबरी आधार द्या आणि इंजिनाकडे रबरी होज. आमचा थ्रीडी प्रिंटेड प्लेनम बोल्टपाशीच तडकला होता.

शेवटी फिल्टर काढा, इंजिन आयडलवर ठेवा आणि थ्रॉटलचं तोंड सपाट रबरी तुकड्याने झाका, हाताने नको. इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे. रेंगाळलं तर कुठेतरी गळती आहे, क्लॅम्प तपासा.