काडी खालून कुजते: माळव्यातल्या पावसाळ्यासाठी छाट कलमांचा सल्ला

इंदूर-महू-सांवेरकडे ज्येष्ठ संपता संपता दोन-तीन चांगले पाऊस झाले की ज्याला त्याला सोयाबीनच्या पेरणीची घाई असते. त्याच दिवसांत छाट कलमांचा, म्हणजे झाडाची काडी कापून तिच्यापासून नवे झाड करण्याचाही हंगाम सुरू होतो आणि पोळ्यापर्यंत तो आटोपतो. हवा दमट असते, ऊन ढगाआड असते, त्यामुळे मुळे नसलेली काडी लवकर सुकत नाही. पेरणीच्या धावपळीत मग रेती मिळत नाही आणि रोपांच्या पिशव्या भरायला माणूसही मिळत नाही. ही दोन्ही कामे आत्ताच उरकून ठेवा.

आपली काळी माती सोयाबीन-गव्हाला सोन्यासारखी आहे, पण बिनमुळाच्या काडीला ती मानवत नाही. भिजली की फुगते, आतल्या हवेच्या वाटा बुजतात आणि पाणी दिवसेंदिवस तसेच राहते. नवे मूळ फुटायला ओलीइतकीच हवाही लागते. पहिल्या वर्षी मी डाळिंबाच्या काड्या सरळ शेतातच खोचल्या होत्या. मग चार दिवस झड लागली. डोळे फुटले, कोवळी पाने आली, मला फार आनंद झाला. पंधरा दिवसांत पाने मलूल पडली. उपटून पाहिले तर बुडखा काळा पडलेला, बोट लावताच साल निघत होती. पाणी कमी पडले म्हणून काडी गेली असे आपण धरून चालतो आणि आणखी पाणी घालतो. माळव्याच्या पावसाळ्यात बहुतेक काड्या खालून कुजून जातात.

म्हणून काडीला मुळे फुटू द्यायची ती रेतीच्या मिश्रणात. नदीची जाड रेती दोन घमेली, माती एक घमेले आणि चाळलेले कुजलेले खत एक घमेले. बांधकामाची बारीक पूड रेती म्हणून वापरू नका, ती सिमेंटसारखी बसते. खत मात्र पुरते कुजलेले हवे. कंपोस्टची जगभर गाजलेली ‘इंदूर पद्धत’ इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी आपल्याच गावात बसवली. ज्या संस्थेत त्यांनी हे काम केले ती १९२४ साली सुरू झाली, तिच्या जागी आज आपले कृषी महाविद्यालय आहे. असा वारसा असलेल्या गावात कच्चे शेण पिशवीत भरलेले दिसले की जीव हळहळतो. खतात हात घातल्यावर ऊब लागली किंवा शेणाचा वास आला, तर ते अजून तयार नाही. पिशव्यांना खालून भोके पाडा आणि त्या विटांवर किंवा मुरुमावर ठेवा. काळ्या मातीवर ठेवल्या तर भोके चिखलाने बुजतात आणि सगळी मेहनत वाया जाते.

काडी निवडताना यंदाचे कोवळे शेंडे नकोत आणि जुनाट लाकूडही नको. पेन्सिलीएवढी जाड, चार-पाच डोळ्यांची, साधारण वीतभर काडी घ्या. ती सकाळी कापा आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून आणा. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आडवा द्या, वरचा डोळ्याच्या बोटभर वर तिरपा. पाणी तिरप्या कापावर साचत नाही, शिवाय काडी उलटी लावली जात नाही. उलटी लावलेली काडी रुजत नाही, कारण मूळ फोडणारे द्रव्य डोळ्यांकडून बुडख्याकडे उतरते. खालची पाने काढा, वर एक-दोन ठेवा, मोठी असतील तर अर्धी कापा. दोन डोळे मातीत जाऊ द्या आणि काडीभोवतीची माती बोटांनी दाबा.

मोगरा, जास्वंद, तगर यांना संजीवकाची, म्हणजे मुळे फुटायला मदत करणाऱ्या द्रव्याची गरज नसते. इंदूरच्या रामबागेतल्या जुन्या घरांच्या अंगणातला मोगरा असाच काडी-काडीने शेजाऱ्यांकडे गेला आहे. डाळिंबाला मात्र आयबीए या संजीवकाची भुकटी लावल्यास मुळे जास्त आणि लवकर फुटतात. लागेल तेवढी भुकटी कागदावर काढून घ्या. ओली काडी डब्यातच बुडवलीत तर उरलेली भुकटी बिघडेल.

डाळिंबाच्या बाबतीत एक गोष्ट कळकळीने सांगते. तेल्या रोग काडीतून येतो. पानांवर किंवा फळांवर तेलकट डाग असलेल्या बागेतून फुकट मिळाली तरी काडी आणू नका. ज्या झाडाची काडी घ्यायची, ते फळांवर असताना स्वतः पाहून आलेले असावे. दर झाडानंतर कात्रीही स्पिरिटने पुसा.

रताळ्याला पिशवीचा खटाटोप लागत नाही. वेलाचे वीत-दीड वीत तुकडे सरीच्या वरंब्यावर लावा, मधली दोन-तीन पेरे मातीत दाबा. सपाट काळ्या रानात लावलीत तर कंद सडतील. वेल पसरल्यावर अधूनमधून उचलून फिरवा, नाहीतर पेरापेराला मुळे धरतात आणि कंद बारीक राहतात. शेवग्याच्या मनगटाएवढ्या फांद्या कापल्यावर दोन-तीन दिवस सावलीत ठेवा, काप सुकला की उंचवट्यावर लावा.

नवी पाने दिसली म्हणजे मुळे आली असे मुळीच नाही. काडीत साठवलेल्या अन्नावर ती फुटतात. ओढून पाहण्याचा मोह आवरा, त्यात नुकतीच फुटलेली मुळे तुटतात. त्यापेक्षा पिशवीच्या भोकातून पांढरी मुळे दिसतात का ते बघा. मोगऱ्याला महिना-दीड महिना लागतो, डाळिंबाला दीड-दोन. या काळात आलेली कळी खुडून टाका. पाऊस असेल तेव्हा पाणी देऊ नका, उघडीप पडली तर बोट खुपसून ओल पाहा आणि मगच द्या. मुळे दिसली की सावलीतून रोज थोडे थोडे उन्हात आणा. शेतात लावणी करायची ती पावसाचा जोर ओसरून वाफसा आल्यावर. लावताना पिशवी ब्लेडने उभी चिरा, मातीचा गड्डा फुटू देऊ नका.