काळ कसा सोकावतो: घरच्या भिंतीवर दुसरं महायुद्ध शिकवायची पद्धत

आमच्या वर्तकनगरच्या बिल्डिंगमधली पाच-सहा पोरं रविवारी सकाळी माझ्याकडे इतिहासाला बसतात, फी वगैरे काही नाही, उलट पोहे मीच करते. एकदा विचारलं, दुसरं महायुद्ध कधी सुरू झालं? सगळे एका सुरात, 1 सप्टेंबर 1939. बरं, का सुरू झालं? तर एक म्हणाला, हिटलर वेडा होता ना काकू. संपला विषय. मला काही राहवेना, म्हणून हा नकाशाचा उद्योग सुरू केला, आता तीन बॅचेसना करून झालाय त्यामुळे कुठे गाडी अडते ते माहितीये, तेच सांगते.

सामान फार लागत नाही. जगाचा मोठा राजकीय नकाशा घ्या, पण लॅमिनेशनवाला नको, त्यावर पेन्सिल चालत नाही. भिंतीत टाचणी जात नाही हे आधी लक्षात आलं नव्हतं, मग फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा मागे लावला, तो बेस्ट. लाल डोक्याच्या टाचण्या, पिवळ्या स्टिकी नोट्स, थोडी लोकर. आजच्या नकाशात मांचुरिया (चीनचा ईशान्य भाग) वेगळा दाखवलेला नसतो आणि चेकोस्लोव्हाकिया तर उरलेलाच नाही, तर त्या हद्दी आदल्या दिवशी पेन्सिलने काढून ठेवा, नाहीतर पोरं अर्धा तास शोधत बसतात.

आता नियम. कोणी काय बळकावलं ती लाल टाचणी. आणि त्या वेळी बाकीच्यांनी काय केलं ती पिवळी चिठ्ठी. सगळा खेळ पिवळ्या चिठ्ठ्यांचा आहे, लाल टाचण्या तर पुस्तकातही असतात. दुसरं म्हणजे पुढचं आधी सांगायचं नाही, प्रत्येक टाचणीला थांबायचं आणि विचारायचं, तुम्ही असता तर काय केलं असतं.

सुरुवात मी पॅसेजमधल्या चपलांच्या रॅकपासून करते. आधी रॅक येतो, मग सायकल, मग कुंड्या, आणि एक दिवस लोखंडी ग्रिल लागतं आणि पॅसेज त्यांच्या घरात. पोरं खूप हसतात कारण प्रत्येकाला आपल्या मजल्यावरचं कोणीतरी आठवतं. आपल्याकडे म्हणतातच, म्हातारी मेल्याचं दुःख नाही पण काळ सोकावतो. पण पाच मिनिटांत हे उदाहरण सोडून द्या, कारण सोसायटीच्या वर निबंधक असतो, कोर्ट असतं. 1930 च्या दशकात राष्ट्रसंघ, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतर शांतता राखायला काढलेली देशांची संघटना, होता खरा, पण नुसती कमिटी, वॉचमन नाही, आणि अमेरिका तर त्याची मेंबरच नव्हती.

पहिली टाचणी पोलंडला नाही, मांचुरियाला. 18 सप्टेंबर 1931, मुकडेनजवळ जपानी लष्करानेच रेल्वे रुळांवर स्फोट घडवला, नाव चिन्यांचं घेतलं आणि मांचुरिया घ्यायला सुरुवात केली, तेही टोकियोच्या सरकारला न विचारता. इथे थांबून पोरांना सांगा की लष्करशाही म्हणजे फक्त जास्त तोफा नाही, सरकारने सैन्याला सांगायचं सोडून सैन्यच सरकारला फरफटत नेतं, ती. पिवळी चिठ्ठी: राष्ट्रसंघाने चौकशीला लिटन समिती पाठवली, अहवाल यायला ऑक्टोबर 1932 उजाडलं, तोवर मांचुकुओ नावाचं बाहुलं राज्य उभंही राहिलं होतं. फेब्रुवारी 1933 मध्ये ठराव 42 विरुद्ध 1 मतांनी पास, सयाम तटस्थ, आणि जपानचे प्रतिनिधी सभेतून उठून गेले. पोरं विचारतात, मग पुढे काय झालं? काहीच नाही. तेच चिठ्ठीवर लिहा, "काहीच नाही".

दुसरी टाचणी इथिओपिया, 3 ऑक्टोबर 1935, इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी. इथे घाई करू नका, माझ्या मते सगळ्यात जास्त शिकण्यासारखं इथेच आहे. या वेळी राष्ट्रसंघाने खरंच निर्बंध लावले, पण यादीत तेल घातलंच नाही! आणि सुएझ कालवा ब्रिटनच्या हातात होता, तो बंद केला असता तर इटलीची रसद अडकली असती, पण तोही उघडाच ठेवला, कारण ब्रिटन-फ्रान्सला वाटत होतं इटलीला दुखावलं तर तो जर्मनीच्या गोटात जाईल. शेवटी इथिओपियाही गेला, राष्ट्रसंघाची अब्रूही गेली आणि इटली जर्मनीच्या गोटातही गेला. विषारी वायू वापरला तरी कोणी अडवलं नाही. 30 जून 1936 ला सम्राट हैले सेलासी स्वतः जिनिव्हात राष्ट्रसंघासमोर उभे राहून दाद मागत होते.

आता लोकरीचा धागा इथिओपियावरून थेट ऱ्हाइनलँडला न्या, म्हणजे जर्मनीचा फ्रान्सला लागून असलेला भाग, जिथे करारानुसार जर्मन सैन्याला मनाई होती. 7 मार्च 1936, म्हणजे सगळ्यांचं लक्ष इथिओपियात असतानाच, हिटलरने ऱ्हाइनलँडमध्ये सैन्य घुसवलं, आणि फ्रान्स हलला नाही. हा धागाच पोरांच्या डोक्यात बसतो, की हे तिघे एकमेकांकडे बघून शिकत होते, एकाला फुकटात मिळालं की दुसऱ्याचा भाव वाढतो.

इथे एखादं पोरगं हमखास म्हणणार, ठोकायचं ना सरळ! तेव्हा त्यांना सांगा की पहिलं महायुद्ध संपून 20 वर्षंही झाली नव्हती, घरोघरी भिंतीवर मेलेल्या पोराचा फोटो, 1929 च्या मंदीने तिजोऱ्या रिकाम्या. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान चेंबरलेन बावळट होते असं सांगून मोकळं होऊ नका, लोकांनाही युद्ध नको होतं.

1938 पटापट घ्या. मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया घेतला. 30 सप्टेंबरला म्युनिकचा करार, चेकोस्लोव्हाकियाचा जर्मन वस्तीचा सीमाभाग सुडेटनलँड जर्मनीला, आणि ज्यांचा देश कापला त्या चेकोस्लोव्हाकियाला वाटाघाटीच्या टेबलावर खुर्चीसुद्धा नाही. पण एक गोष्ट पुस्तकात बऱ्याचदा राहून जाते: म्युनिकनंतर लगेच पोलंडनेही तेशेनचा तुकडा उचलला आणि हंगेरीने दक्षिणेचा. पोलंडची स्वतःची पाळी यायला पुरतं वर्षही लागलं नाही. मार्च 1939 मध्ये हिटलर प्रागमध्ये आला तेव्हा चेक कारखानेही हाती लागले, आणि तिथे बनलेले रणगाडे 1940 मध्ये फ्रान्सवर चालून गेले. मग 31 मार्चला ब्रिटनने पोलंडला हमी दिली, पण आठ वर्षं ज्याची सवय "काहीच नाही"ची त्याच्या हमीवर विश्वास कोण ठेवणार? त्यात 23 ऑगस्टला रशियाच्या स्टालिनशी एकमेकांवर हल्ला न करण्याचा करार झाला आणि हिटलर मोकळा झाला.

युरोप इथे सोडा आणि परत जपानकडे या, नाहीतर "जागतिक" कसं झालं ते कळतच नाही. इथे दुसरा मुद्दा शिकवायचा: गिळलेलं पचवायला अजून गिळावं लागतं. जुलै 1937 पासून जपान चीनमध्ये रुतला. (सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच युद्धात जखमींवर उपचार करायला 1938 मध्ये चीनला गेले आणि 1942 मध्ये तिथेच वारले, टाचणीला त्यांचं नाव जरूर लावा, चिन्यांसाठी युद्ध 1939 ला सुरू झालं नव्हतं हे एका नावात कळतं.) युद्धाला तेल हवं, आणि जपानचं बहुतेक तेल यायचं अमेरिकेतून. 1939 मध्ये मंगोलियाच्या सीमेवर रशियाने झोडपल्यावर उत्तरेचा नाद कमी झाला, दक्षिणेकडे इंडोचायनात घुसले, तेव्हा ऑगस्ट 1941 मध्ये अमेरिकेने तेल तोडलं. आता एकतर चीन सोडा, नाहीतर डच वसाहतींमधलं (आजच्या इंडोनेशियातलं) तेल घ्या. त्यांनी तेल निवडलं, आणि अमेरिका मध्ये येऊ नये म्हणून तिच्या पर्ल हार्बरच्या आरमारी तळावर हल्ला. पोरांना विचारा, इथे पिवळी चिठ्ठी कडक होती ना, मग युद्ध का टळलं नाही? माझं उत्तर असं की दहा वर्षं उशिरा आली, तोवर मागे फिरणं जपानी लष्कराला हरण्यापेक्षा लाजिरवाणं वाटत होतं. पण तुम्ही उत्तर देऊ नका, त्यांना भांडू द्या.

सगळ्यात शेवटी धागे मुंबईला आणा. 3 सप्टेंबर 1939 ला व्हाइसरॉय लिनलिथगोने इथल्या एकाही पुढाऱ्याला न विचारता भारत युद्धात उतरल्याचं जाहीर केलं. मुसोलिनीच्या त्या आफ्रिकन साम्राज्याशी 1941 मध्ये एरिट्रियातल्या केरनच्या डोंगरात मराठा लाइट इन्फंट्रीची पोरं लढली. मार्च 1942 मध्ये रंगून पडलं, ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला, 1943 च्या बंगालच्या दुष्काळाचं ते एक कारण. आणि 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन बोटीचा स्फोट, एकाच बोटीत दारूगोळा आणि कापूस, शत्रूचं विमान नाही काही नाही, युद्धाच्या घाईतला अपघात, आणि शेकडो माणसं गेली. आमच्यातल्या एकीने मुकडेनपासून व्हिक्टोरिया डॉकपर्यंत धागा ओढला तर लोकर कमी पडली.

एक सावधगिरी. हे झालं की पोरं आजच्या प्रत्येक बातमीला "हे म्युनिक!" म्हणायला लागतात. त्यांना 1956 सांगा, ब्रिटनचे पंतप्रधान ईडन यांनी इजिप्तच्या नासरमध्ये मुसोलिनी बघितला, सुएझवर सैन्य पाठवलं आणि तोंडघशी पडले. आणि 1914 ला, पहिल्या महायुद्धाच्या वेळी, तर वेगळंच गणित होतं, तिथे हा नकाशा चालत नाही, ते पुढच्या रविवारी वेगळं घ्या.

वेळ दोन रविवार धरा. आवरताना टाचण्या मोजून काढा. आमची एक कमी भरली आणि दोन दिवसांनी सासूबाईंच्या चपलेत निघाली, बहुतेक अल्बानियाची, जो इटलीने एप्रिल 1939 मध्ये घेतला, तिच्याकडे तेव्हाही कोणी फारसं बघितलं नव्हतं.