बार्शी-अक्कलकोटकडचा जुना, न उलगडलेला खून: कागद कसे काढायचे

आधी गुन्हा रजिस्टर नंबर आणि वर्ष मिळवा. सोलापूरच्या 'संचार' दैनिकाच्या जुन्या अंकांत निदान तारीख व पोलीस ठाणं सापडतं. सोलापूर शहराचं आयुक्तालय वेगळं, तालुक्यांसाठी ग्रामीण अधीक्षक. अर्ज चुकीकडे गेला की हस्तांतरात दिवस जातात.

माहिती अधिकाराच्या अर्जावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. विषय एकच, मजकूर 150 शब्दांत. 'तपासात अडथळा' म्हणून नकार आलाच (येतोच बहुधा), तर कलम 8(3) दाखवा: 20 वर्षांपूर्वीच्या घटनेला ती सबब चालत नाही.

आरोपी न सापडल्याने 'अ' समरी (गुन्हा खरा, पण उलगडला नाही, असा पोलिसांचा तपास बंद करण्याचा अहवाल) मंजूर झाली असेल, तर न्यायालयातून पंचनामा आणि शवविच्छेदन अहवालाच्या प्रमाणित प्रती मागा. खुनाला मुदतीची मर्यादा नाही. नवा पुरावा मिळाल्यास पुढील तपास होऊ शकतो. साक्षीदारांना स्वतः गाठून पढवू नका, खटल्यात तेच अंगाशी येतं.