म्हातारी कोंबडी गेल्यावर कोंबडा का बिथरतो? परसात कोंबड्या पाळणाऱ्यांनो, या चुका टाळा

पुण्यात आता धायरी, वारजे, कात्रज, लोहगाव अशा भागात बंगल्यामागे किंवा टेरेसवर चारपाच गावरान नाहीतर गिरिराज कोंबड्या आणि सोबत एक कोंबडा असं पाळणारे बरेच लोक झालेत. पहिली दोन वर्षं मस्त जातात, पाचसहा महिन्यांची झाली की कोंबडी अंडी द्यायला लागते, घरचे खुश, शेजारी खुश. नंतर अंडी कमी होत जातात आणि कोंबडी मात्र राहते, नीट सांभाळली तर पाच ते आठ वर्षं, कधी त्याहून जास्त. या म्हातारपणाबद्दल मात्र कोणी काही सांगत नाही, कारण पोल्ट्रीवाले दीडदोन वर्षांतच पक्षी बदलतात, त्यांना म्हातारी कोंबडी माहीतच नसते. माझं म्हणणं एवढंच की कोंबडी म्हातारी झाली की तिच्याकडे तर लक्ष द्याच पण कोंबड्याकडेही द्या, कारण कळपात काही बिघडलं की त्याचं वागणं बदलतं आणि आपण नेमकं तेच चुकीचं समजतो.

"वय झालंय, बसली असेल" असं म्हणून सोडून देणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. कोंबडी आजार लपवते, कारण कमजोर दिसली की बाकीच्या टोचायला लागतात. म्हणजे पिसं फुगवून, मान आत घेऊन, शेपूट खाली टाकून ती कोपऱ्यात उभी दिसली तर आजार आज सुरू झालेला नसतो, बरेच दिवस आत चालू असतो. पाच वर्षांच्या पुढची कोंबडी असेल तर आठवड्यातून एकदा संध्याकाळी दांडीवर बसल्यावर तिला हातात घ्या. छातीचं मधलं हाड धारदार लागतंय का, तुरा फिका किंवा जांभळट झालाय का, शेपटीखालची पिसं घाण झालीत का, तळपायाला काळी खपली आणि सूज आहे का, पिसांच्या मुळाशी उवा आहेत का, एवढं बघायला दोन मिनिटं लागतात. सकाळी दाणे टाकायच्या आधी गळ्याखालची दाण्याची पिशवी चेपून बघा, ती रात्रभरात रिकामी झालेली पाहिजे. सकाळीही भरलेली असेल, कडक किंवा पाण्यासारखी लिबलिबीत लागत असेल आणि तोंडाला आंबट वास येत असेल तर अन्न पुढे सरकतच नाहीये.

पोट खाली लोंबतंय, हाताला पाणी भरल्यासारखं लागतंय आणि कोंबडी पेंग्विनसारखी ताठ उभी राहतेय, तर अंड्याच्या मार्गाचा आजार असण्याची शक्यता मोठी. बलक पोटात सांडून इन्फेक्शन होतं किंवा गाठ होते, म्हाताऱ्या कोंबड्या यानेच जास्त जातात. हे आपल्या खायला घालण्यात काही कमी पडलं म्हणून झालं असं समजून स्वतःला खात बसू नका, वर्षानुवर्षं अंडी बनवणाऱ्या शरीराची ही झीज असते.

घोळ कुठे होतो, तर पिसं गळायच्या दिवसात तुरा असाच फिका पडतो आणि खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडीसुद्धा फुगून बसते. पण पिसं गाळणारी कोंबडी खाते, आणि खुडूक झालेलीच्या खाली हात घातला की ती गुरगुरते, चोच मारते. आजारी कोंबडी उचलली तरी विरोध करत नाही. हाच फरक लक्षात ठेवा.

कोंबड्याची टुकटुक न ऐकणं

कोंबड्याला किडा किंवा चांगला दाणा सापडला की तो लगेच खात नाही, उचलतो, खाली टाकतो, परत उचलतो आणि टुक टुक टुक करून कोंबड्यांना बोलावतो. हे त्याचं दिवसभर चालू असतं म्हणून आपण लक्ष देत नाही. पण घरच्या घरी करता येणारी यापेक्षा चांगली तपासणी मला तरी माहीत नाही. बाकीच्या धावत गेल्या आणि म्हातारी जागची हलली नाही, असं सकाळ संध्याकाळ दोन्ही वेळा झालं तर तिला त्याच दिवशी वेगळी काढून बघा, उद्यावर ढकलू नका.

तसंच त्याच्या धोक्याच्या हाकेचं. वरून घार किंवा शिक्रा आला तर तो लांब, बारीक आवाज काढतो आणि सगळ्या झुडपाखाली पळतात. खाली मांजर, मुंगूस, कुत्रं दिसलं तर कट-कट-कटाक असा ओरडत सुटतो. म्हाताऱ्या कोंबडीला मोतीबिंदू झालेला असेल, पाय आखडलेले असतील तर ती मागे राहते आणि मुंगसाला तीच सापडते. पुण्यात घारी भरपूर, ओढ्यानाल्याजवळच्या सोसायट्यांत मुंगूसही आहेच, त्यामुळे वरून जाळी आणि रात्री खुराड्याला घट्ट कडी पाहिजेच, कोंबडा आहे म्हणून राखण होते या भरवशावर राहू नका.

म्हातारीला कोंबड्याबरोबर तसंच ठेवणं

एका कोंबड्यामागे आठदहा कोंबड्या असाव्यात असं साधारण धरतात. घरी तीनचार कोंबड्यांत एक कोंबडा असतो आणि त्यातली एखादी गेली की उरलेल्यांवर सगळा ताण येतो. पाठीवरची पिसं उडालेली दिसली, पंखाखाली ओरखडे दिसले तर तो "मारकुटा" झालाय असं नाही, जोडीला येताना त्याच्या पायांनी आणि मागच्या काट्यांनी ते होतं. म्हाताऱ्या कोंबडीचं कातडं पातळ असतं, ती निसटू शकत नाही. तिला जाळीच्या पलीकडे ठेवा पण बाकीच्यांना ती दिसेल अशी ठेवा. लांब दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवली तर परत आणल्यावर तिला अनोळखी समजून टोचतात, कळपातली तिची जागा गेलेली असते. दांडी जमिनीपासून फूटभरच ठेवा, पाण्याचं भांडं जवळ ठेवा. शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत द्या, कारण अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यातलं जास्तीचं कॅल्शियम अंडी न देणाऱ्या म्हातारीला आणि कोंबड्याला दोघांनाही नको असतं, किडनीवर येतं. पावसाळ्यात शेपटीखाली ओलं राहिलं तर माशा बसून किडे पडतात आणि ते खूप वेगाने वाढतं, जून ते सप्टेंबर रोज बघा.

घरचे डॉक्टर होणं

माणसांची तापाची, दुखण्याची गोळी कुस्करून देणं, मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून अंदाजे पाजणं, चोच उघडून ड्रॉपरने पाणी ओतणं, हे प्लीज करू नका. जिभेच्या मागेच श्वासनलिकेचं तोंड असतं, ओतलेलं पाणी सरळ फुफ्फुसात जातं आणि जी कोंबडी अजून चार महिने जगली असती ती त्या रात्री जाते. पाणी द्यायचं तर चोचीच्या कडेला एकेक थेंब लावा, ती स्वतः गिळेल. अंडं अडकलंय असं वाटलं, म्हणजे वारंवार जोर लावतेय, घरट्यात जाऊन परत येतेय, तर कोमट पाण्यात पंधरावीस मिनिटं बसवून अंधाऱ्या शांत जागी ठेवा. पोट दाबून अंडं बाहेर काढायचा प्रयत्न करू नका, आत फुटलं तर संपलं. त्याच दिवशी सुटलं नाही तर डॉक्टर. कुत्र्यामांजरांचे बरेच क्लिनिक कोंबडी बघत नाहीत, म्हणून आजारी पडायच्या आधीच पक्षी बघणारा डॉक्टर शोधून ठेवा, नाहीतर सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना किंवा 1962 हा हेल्पलाइन नंबर. आणि अँटिबायोटिक चालू असताना आणि डॉक्टर सांगतील तेवढे दिवस नंतरही तिची अंडी खाऊ नका.

इथेच एक गोष्ट बोलतो. आखाड जवळ आला की कोणीतरी म्हणतंच, म्हातारी झाली, कापून टाका, कशाला त्रास. ज्याचा त्याचा निर्णय आहे, पण आजारी आणि औषधं चालू असलेली कोंबडी कापून खाणं हे कुणासाठीच बरोबर नाही. तिला खूप त्रास होत असेल, खाणं थांबलं असेल तर डॉक्टरकडून इंजेक्शन देऊन तिची सुटका करता येते, ते विचारायला लाजू नका.

गेल्यावर घाईघाईत पिशवीत घालून कचऱ्यात टाकणं

घंटागाडीत नको, नदीपात्रात तर अजिबात नको, कुत्र्यांसाठी उघड्यावरही नको. तीन फूट खोल खड्डा, वरून चुना, मग माती. आधी मात्र एक विचार करा. एकच म्हातारी कोंबडी कित्येक आठवडे खंगत जाऊन गेली तर ते वयाचं दुखणं असेल. पण दोनचार दिवसांत दुसरी पण गेली, हिरवी हगवण, मान वाकडी होणं, श्वासाला घरघर असं काही असेल तर मानमोडी म्हणजे राणीखेत असू शकतो, बर्ड फ्लूही असू शकतो. 2006 मध्ये नवापूरला भारतातला पहिला बर्ड फ्लू सापडला तेव्हापासून आपल्या राज्यात तो अधूनमधून येतोच, 2021 मध्ये परभणीतही आला होता. अशा वेळी उघड्या हातांनी शव उचलू नका, पुरायची घाई करू नका, आधी पशुसंवर्धन विभागाला कळवा. औंधला त्यांची रोगनिदान प्रयोगशाळा आहे, तपासणीला न्यायचं असेल तर आधी फोन करून विचारा. तोपर्यंत शव दुहेरी पिशवीत बांधून बर्फात ठेवा, फ्रीझरमध्ये गोठवू नका, गोठवल्यावर तपासायला अडचण येते. उरलेल्यांचं लसीकरण कधी करायचं ते पण त्याच वेळी विचारून घ्या.

कोंबडा वेडा झाला असं समजणं

आता मुख्य भाग. कोंबडी गेल्यावर कोंबडा दिवसा जास्त आरवतो, ती बसायची तिथे फिरतो, टुकटुक करून बोलावतो, खाणं कमी करतो, कधी अचानक माणसांवर धावून येतो. कोंबड्या आपल्या कळपातल्या प्रत्येकीला ओळखतात, आणि कोण कुणाला टोचू शकतं याची ठरलेली उतरंड असते, नॉर्वेच्या श्येल्डेरूप-एब्बे यांनी शंभर वर्षांपूर्वी ती अभ्यासून मांडली. म्हातारी बहुतेक वेळा वरच्या पायरीवर असते. ती गेली की उरलेल्यांत भांडणं लागतात आणि कोंबडा मध्ये पडून पडून सतत ताठलेला असतो. मला विचाराल तर त्याला ती नाहीये हे नक्की कळतं, त्याला दुःख म्हणायचं का यावर मी वाद घालणार नाही. साधारण दोनतीन आठवड्यांत शांत होतो, तोपर्यंत खाद्य दोन ठिकाणी टाका, जागा बदलू नका, आणि त्याचीही विष्ठा, तुरा, वजन बघा, कारण जो आजार तिला होता तो त्याला झालेला असू शकतो.

धावून आला तर पळू नका, लाथ तर मारूच नका, त्याला ती लढाईच वाटते आणि तो परत येतो. समोर शांत उभे रहा, हळू बाजूला व्हा, पाठ फिरवू नका, काही दिवस गमबूट घाला. एक पंख खाली सोडून तिरका तिरका तुमच्याकडे सरकतोय, मानेची पिसं उभी झालीत, हे हल्ल्याच्या आधीचं लक्षण. लहान मुलांना एकटं आत सोडू नका, त्यांचे डोळे त्याच्या उडीच्या उंचीवर असतात. काटा खोल लागला तर जखम साबणाने धुऊन धनुर्वाताचं इंजेक्शन विचारा.

आरवण्यावरून शेजारी बोलले की लोक त्याला डालग्याखाली, म्हणजे टोपलीखाली कोंडतात. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही ही म्हण आहेच, आणि जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं की कायम मंद उजेडात ठेवलेला कोंबडासुद्धा शरीरातल्या घड्याळाप्रमाणे पहाटेच्या सुमारास आरवतो. एप्रिल-मे मध्ये पुण्यात पारा चाळिशीला जातो, तेव्हा बंद डालग्यात तो गुदमरेल, एवढंच होईल. खुराडं शेजारच्या बेडरूमपासून लांब न्या, हवा खेळती ठेवून रात्रीचा बाहेरचा दिवा अडवा, आणि शेजाऱ्यांना सरळ सांगा की कोंबडी गेलीय, थोडे दिवस जास्त आरवेल. बहुतेक लोक समजून घेतात.

दुसऱ्याच दिवशी नवीन कोंबडी आणणं

कोंबडा एकटा पडला म्हणून रविवारी बाजारातून एक तलंग, म्हणजे तरुण कोंबडी आणून थेट आत सोडली तर दोन गोष्टी होतात, ती आजार आणते आणि सगळ्यांचा मार एकटी खाते. किमान दोन आणा, बाजारातून घेण्यापेक्षा लस झालेली, खात्रीच्या हॅचरीतली घ्या, तीन आठवडे पूर्ण वेगळी ठेवा, भांडी वेगळी, आधी जुन्यांचं करून मग नवीनकडे जा. त्यानंतर आठवडाभर जाळीआडून ओळख, आणि मग रात्री अंधारात दांडीवर शेजारी बसवा. सकाळी लवकर उठून बाहेर थांबा. कोंबडा एक पंख पाडून त्यांच्याभोवती फिरला, दाणा टाकून बोलावलं, तर ठीक चाललंय. कोपऱ्यात कोंडून डोक्यावर टोचत राहिला आणि रक्त दिसलं तर लगेच परत जाळीआड करा आणि अजून आठवडा द्या.